मापटंभर दळण

आमचं गाव शिरूर कासार तालुक्यातलं. दिवाळीचा फराळ संपायच्या आत निम्म्याहून जास्त गाव ट्रॅक्टरमध्ये बसून ऊसतोडीला निघून जातं आणि मागे उरतात म्हातारी माणसं, कुत्री आणि मी. मी अजून म्हातारा झालेलो नाही, हे मी ज्याला त्याला सांगत असतो. पण हंगामात सांगायला तरी कोण सापडतं? तरुणपणी उजवा पाय गिरणीच्या पट्ट्यात सापडला, तेव्हापासून कोयता माझ्या नशिबातून गेला. बापाची पिठाची गिरणी होती, तीच धरून बसलो. माझं नाव गहिनीनाथ, पण गावात कुणालाही विचारा, गिरणीवाला म्हटलं तरच कळेल.

आता सगळीकडे लाईटीवरच्या चक्क्या झाल्या. आमच्याकडे लाईट पाहुण्यासारखी येते आणि चहा व्हायच्या आत उठून जाते, म्हणून मी जुनं डिझेलचं इंजिन मोडीत काढलं नाही. त्याच्या धुराड्यावर एक डबडं उलटं बसवलेलं आहे. इंजिन सुरू झालं की त्यातून पुक पुक पुक असा आवाज निघतो आणि पार शेवटच्या घरापर्यंत जातो. तो ऐकला की बायांना कळतं, गिरणी चालू आहे, दळण घेऊन निघायला हरकत नाही. माणसं गावात असतात तेव्हा डब्यांची रांग बाहेर ओट्यापर्यंत लागते, नंबरावरून भांडणं होतात, आणि मी सगळ्यांवर खेकसत असतो. दिवाळीनंतर खेकसायलासुद्धा कुणी उरत नाही. मी पोत्यावर बसून माशा मारतो.

माझी बायको वनमाला होती तोवर हे इतकं जाणवत नव्हतं. ती गिरणीत समोर बसून पीठ चाळायची आणि माझ्या तिरसटपणावर हसायची. ती गेली त्याला दोन वर्षं होतील. पोरगी दिपाली पुण्यात एका कंपनीत आहे, तीन मैत्रिणींबरोबर, फक्त मुलींसाठीच्या एका खोलीत राहते. आमचा बेत ठरलेला होता. दिवाळी झाली की तिनं स्वतंत्र खोली बघायची, मी गिरणी बंद करायची आणि तिच्याकडे राहायला जायचं. शिरूरचा मैनुद्दीन मिस्त्री, ज्यानं आयुष्यभर माझं इंजिन दुरुस्त केलं, तो ते घेऊन जायला तयार होता. मीही तयार होतो. खरं सांगायचं तर मी इतका तयार होतो की कपड्यांची पिशवी भरून खुंटीला अडकवून ठेवली होती.

दिवाळी झाली, ट्रॅक्टर गेले आणि एका सकाळी दिपालीचा फोन आला. म्हणाली, मनासारखी खोली मिळेना, संक्रांतीपर्यंत थांबावं लागेल.

"अगं, इथं चिटपाखरू न्हाई," मी म्हटलं. "भिंतीसंगं बोलतोय म्या."

"दादा, हँग इन देअर," ती म्हणाली.

"काय?"

"हँग इन देअर. म्हणजे दम धरा, सोडू नका, टिकून राहा. आमचे साहेब रोज म्हणतात. काम कितीही अंगावर आलं तरी म्हणतात, हँग इन देअर."

"आन् मंग त्यो साहेब कामाला हात लावतो का?"

ती हसली. "नाही. ते केबिनमधूनच म्हणतात."

म्हणजे उंटावरून शेळ्या हाकण्याला इंग्रजीत असं म्हणतात तर, असं मी मनात म्हटलं. तोंडानं म्हटलं, बरं. लेकरानं चांगल्या मनानं सांगितलं होतं, पण फोन ठेवल्यावर मला इतकं एकटं वाटलं की मी त्या दिवशी गिरणी सुरूच केली नाही. दळण नव्हतंच, सुरू करून करणार काय?

दुसऱ्या दिवशी सकाळीच छबुमावशी काठी टेकत दारात. ही आमच्या गल्लीतली सगळ्यात म्हातारी बाई. तिचा पोरगा भारत आणि सून दोघं मिळून एक कोयता, म्हणजे नवरा-बायकोची जोडी. तो तोडतो, ती मोळ्या बांधते. लेकरंही ते सोबत नेतात. मावशी मागे राहते ती एका शेळीसाठी आणि किल्ल्यांसाठी. आमच्या गल्लीची रीतच आहे, तोडीला निघणाऱ्यानं घराला कुलूप लावायचं आणि किल्ली छबुमावशीच्या हातात द्यायची. किल्ली दिल्याशिवाय ट्रॅक्टरला कुणी पाय लावत नाही. तिच्या घरात एका भिंतीला ओळीनं खुंट्या आहेत, ज्याची त्याची किल्ली ज्याच्या त्याच्या खुंटीला.

"काल आवाज न्हाई आला गिरनीचा," ती म्हणाली. "मला वाटलं, आजारी बिजारी पडला का काय."

"दळनच न्हाई तर कुनासाठी चालवू? बंदच करतो आता. संक्रांतीला पोरीकडं जायाचं हाय."

ती ओट्यावर बसली. काठी बाजूला ठेवून म्हणाली, "पोरगी काय म्हनली?"

मग मी तिला ते इंग्रजी सांगितलं. अर्थही सांगितला, साहेबाचंही सांगितलं. मला वाटलं होतं हसेल. तिनं पदरानं तोंड पुसलं.

"म्हंजी ती आत्ता येनार न्हाई," ती म्हणाली.

"तसं न्हाई, मावशे. धीर द्यायाला म्हनत्यात तसं."

"तेच की रं बाबा. येनारा मानूस धीर देत बसतो का? येनारा म्हनतो, निगालोय."

मला तिचा राग आला. सकाळी सकाळी येऊन माणसाचं काळीज कुरतडायची ही कुठली पद्धत? मी उठून उगीच पट्टा झटकायला लागलो. ती गेली.

दुसऱ्या दिवशी ती परत आली, हातात डबा घेऊन. डब्यात मापटंभर ज्वारी.

आता गिरणीवाल्याच्या दृष्टीनं बघा. मापटंभर ज्वारी म्हणजे एका माणसाच्या दोन दिवसांच्या भाकरी. तेवढ्यासाठी इंजिनाचा दांडा फिरवायचा, पट्टा चढवायचा, डिझेल जाळायचं, आणि निम्मं पीठ दगडाच्या पोटातच राहणार. मी म्हटलं, "मावशे, पायलीभर तरी आन. एकदाच दळून ठिव."

"जुनं पीठ गोड लागत न्हाई रे," ती म्हणाली. "ताजंच बरं."

हे मात्र खरं होतं, म्हणून मी डबा घेतला. ज्वारीचं पीठ शिळं झालं की त्याची विरी जाते, म्हणजे चिकटपणा जातो आणि भाकरी थापता थापता तुटते. मी इंजिन सुरू केलं. पुक पुक आवाज रिकाम्या गावावरून पसरत गेला, आणि खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. बोंबलत का होईना, काहीतरी चालू होतं.

मग ती दर दोन दिवसांनी यायला लागली. कधी मापटंभर, कधी त्याहून थोडी कमी. मी तोंड वाकडं करायचो. चिक्कूपणाला काही मर्यादा असते, असं तिच्या तोंडावर म्हणायचो. ती ओट्यावर बसून दळण होईपर्यंत काहीबाही सांगायची. शेळीनं कुणाच्या दारातली तुळस खाल्ली, कुठल्या कुलपाला गंज चढला. दळण झालं तरी बसायची. दिपाली फोनवर विचारायची, दादा, आता गिरणी तरी बंद ठेवा की, कशाला त्रास करून घेता? मी म्हणायचो, एक गिऱ्हाईक आहे अजून, ते असेपर्यंत बंद कशी ठेवू? हे मी तक्रारीच्या सुरात म्हणायचो. पण ज्या दिवशी तिचं दळण नसायचं त्या दिवशीही मी संध्याकाळी थोडा वेळ इंजिन सुरू करायला लागलो. इंजिन पडून राहिलं की बिघडतं, असं मी स्वतःला सांगत होतो. ते तितकंसं खरं नाही.

तिनं ते इंग्रजीही उचललं होतं. तिच्या तोंडात ते "ह्यांग इन देर" असं बसलं. थंडीत इंजिन लवकर सुरू होईना आणि मी दांडा फिरवून घामाघूम झालो की ती ओट्यावरून म्हणायची, "ह्यांग इन देर, बाबा." शेळी दूध देताना उड्या मारायला लागली की तिलाही तेच. मला हसू यायचं, पण मी दाखवायचो नाही.

एकदा ती गिरणीत बसलेली असताना भारतचा फोन आला. तो तिकडे कुठल्यातरी कारखान्याच्या थळात, म्हणजे तोडकऱ्यांच्या तळावर होता. ऐकू कमी येतं म्हणून मावशीचा फोन नेहमी मोठ्या आवाजावर असायचा. भारत म्हणत होता, "आई, मोळ्या वाहून पाठ भरून आली बघ. उठवत न्हाई सकाळचं."

मावशीनं फोन दुसऱ्या हातात घेतला. मग म्हणाली, "ह्यांग इन देर."

"काय म्हनलीस?"

"काई न्हाई. दम धर म्हनलं, लेकरा."

फोन बंद झाल्यावर ती बराच वेळ तो हातात धरून बसली. माझ्याकडे न बघता म्हणाली, "म्या तरी कुटं जानार हाय तिकडं त्याची पाठ चोळायला? म्हनून म्हनलं."

त्या दिवशी मी तिच्या डब्यात माझ्याकडची दोन ओंजळी ज्वारी जास्तीची टाकून दळून दिली. तिला ते कळलं नाही.

संक्रांत झाली. दिपालीचा फोन आला, आणि या वेळी तिच्या आवाजात काहीतरी उसळत होतं. खोली मिळाली होती. तिसरा मजला, पण लिफ्ट आहे, तुमच्या पायाला त्रास नाही, सकाळी ऊन येतं, शेजारी एक आजी आहेत. "रविवारी या दादा. मी स्टँडवर येते न्यायला." मग म्हणाली, "मला इथं अजिबात करमत नाही हो. माझ्याबरोबरच्या दोघींची लग्नं झाली, तिसरीची बदली झाली. मी तुम्हाला सांगितलं नव्हतं. मी ऑफिसातून येते आणि भिंतीशी बोलते."

हे वाक्य तिनं माझंच उचललं होतं, की तिला ते आपोआप सुचलं होतं, कोण जाणे. माझं पोर इतके दिवस तिकडे एकटं होतं आणि मला दम धरा म्हणत होतं. मी म्हटलं, येतो. मैनुद्दीनला निरोप दिला, रविवारी सकाळी गाडी घेऊन ये, इंजिन घेऊन जा.

छबुमावशीला सांगितलं तेव्हा ती ओट्यावरच बसलेली होती. "चांगलं झालं की," ती म्हणाली. "लेकीपाशी असावं मानसानं. जा बाबा." तिनं पिठाचा डबा काखेत घेतला आणि गेली. दोन दिवस झाले, तिच्या दळणाचा दिवस आला आणि गेला, ती काही आली नाही. मला वाटलं, रुसली. रुसू दे, म्हटलं. रविवारी तर जायचंच आहे.

रविवारी सकाळी मैनुद्दीन पिकअप घेऊन आला. पाने, साखळी, सगळं घेऊन. "काय बे गहिनी," तो म्हणाला, "पुणेकर झाला की. आता आमच्याशी बोलशील का न्हाई?"

"आधी तू इंजिन नीट उतरव. बोलायचं मग बघू."

मी घराला कुलूप लावलं, पिशवी खांद्याला अडकवली आणि किल्ली घेऊन छबुमावशीच्या घरी निघालो. तोडीला जाणारा असो की पुण्याला, रीत ती रीत. सबंध गल्लीत माझ्याच पायाचा आवाज येत होता. कुलपं, कुलपं, नुसती कुलपं. मी आयुष्यात पहिल्यांदाच जाणाऱ्याच्या नजरेनं ती गल्ली बघत होतो.

मावशीचं दार लोटलेलं होतं. आत ती गोधडी घेऊन पडली होती. अंगात ताप होता, डोळे तेवढे उघडे. "किल्ली आनली का?" ती म्हणाली. "त्या शेवटच्या खुटीला लाव. तुझीच म्हनून रिकामी ठिवलीय."

"काही खाल्लंस का?"

"व्हय की."

चुलीत राख थंडगार होती. मी पिशवी खाली ठेवली. पातळसर आंबील करून द्यावी, तेवढी पोटात गेली की मैनुद्दीनच्या गाडीतून तिला दवाखान्यात न्यावं आणि मग माझी बस गाठावी, असा हिशोब केला. पिठासाठी फळीवरचा पहिला डबा उघडला. पिठाला जाळी धरली होती. किड्यांनी विणलेल्या त्या धाग्यांत पिठाचे गोळे लोंबत होते. दुसरा उघडला, त्यातही तेच. तिसऱ्यात पीठ पिवळट, कडवट वासाचं. फळीखाली एक पितळी डबा होता, एक रंगाची जुनी बादली होती, एक घमेलं वरून कापड बांधून ठेवलेलं होतं. सगळ्यांत ज्वारीचं पीठ. माझ्याच गिरणीचं, माझ्या दगडाचं दळण मी अंधारातही ओळखीन. दिवाळीपासून तिनं नेलेलं निम्म्याहून जास्त दळण त्या घरात तसंच पडलेलं होतं.

मला आधी राग आला. माझी रागाचीच सवय आहे.

"मावशे, खात न्हाईस तर दळून कावून नेतीस? एवढी ज्वारी वाया घातली."

"खाल्लं की थोडं थोडं. माजं खानं ते केवढं," ती म्हणाली. "शेळीला बी घातलं. शेळी बी कटाळली."

"पर कावून?"

तिनं तोंड भिंतीकडे वळवलं. "तूच म्हनला व्हतास ना, दळन न्हाई तर गिरनी कुनासाठी चालवू. गिरनी बंद झाली की तू जानार. मंग म्या म्हनलं, दळन नेऊ." गोधडी वर ओढून ती म्हणाली, "त्यो आवाज आला की वाटतं, हाय कुनीतरी. न्हाईतर या किल्ल्याच बघत बसायचं दिसभर. आता तू जा. म्या काई म्हनत न्हाई. लेकीचा हक जास्ती हाय."

भिंतीवर किल्ल्यांची रांग होती. शेवटची खुंटी रिकामी. माझ्या मुठीत किल्ली घामानं ओली झाली होती. मी तिला इतके दिवस चिक्कू म्हणत होतो आणि ती मला मापटं मापटं ज्वारी घालून गावात धरून ठेवत होती. ती नसती तर मी दिवाळीनंतर आठ दिवसांतच मैनुद्दीनला बोलावलं असतं, पुण्याला जाऊन पोरीच्या मैत्रिणींच्या खोलीबाहेर बसलो असतो, पण इथं राहिलो नसतो. ज्याला मी गिऱ्हाईक समजत होतो त्यानं मला जगवलं होतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मी ते पुसलं नाही, कारण ती भिंतीकडे बघत होती.

मी किल्ली परत खिशात टाकली. घरी जाऊन ताजं पीठ आणलं, आंबील करून तिला पाजली. मग गिरणीत गेलो. मैनुद्दीननं पट्टा उतरवून ठेवला होता आणि तो इंजिनाच्या पायाचे नटबोल्ट सोडवायला बसला होता.

"परत आवळ," मी म्हटलं.

"काय झालं बे?"

"छबुमावशी तापलीय. तुझ्या गाडीत तिला शिरूरला दवाखान्यात न्यायची हाय. इंजिन राहू दे. फाल्गुनात मानसं परत येतील, तवा बघू."

"आन् पोरगी?"

मी पट्टा उचलून त्याच्यापुढे ठेवला. मैनुद्दीननं माझ्याकडे बघितलं आणि पाना उलटा फिरवायला सुरुवात केली. नट आवळून झाल्यावर पट्टा चढवून त्यानंच दांडा फिरवला, बघू चालतं का म्हणून. इंजिननं धरलं. पुक पुक पुक. मावशीला तिकडे ऐकू गेलं असणार.

तेवढ्यात फोन वाजला. दिपाली होती. मागे गाड्यांचे हॉर्न ऐकू येत होते.

"दादा, निघालात का? मी तुमच्यासाठी खाट आणली. खिडकीपाशी लावलीय. तुम्हाला उतरवून घ्यायला लवकरच निघाले, मला घरी बसवेना."

मला तिला सगळं सांगायचं होतं. जाळी धरलेलं पीठ, रिकामी खुंटी, शेळी. तापलेल्या म्हातारीला गल्लीत एकटी ठेवून मला बसमध्ये बसता येत नाही, हे सांगायचं होतं. फाल्गुनात भारत आला की मी पहिल्या गाडीनं येईन, हेही. त्यापैकी एकही शब्द नीट जुळून येईना. डोळ्यांसमोर ती खिडकीपाशी लावलेली खाट तेवढी येत होती.

"दादा? निघालात ना?"

"दिपे," मी म्हटलं, "हँग इन देअर."

फोन चालूच होता. इंजिनाचा आवाज तिला ऐकू येत होता, आणि मला तिच्या मागचे हॉर्न.